दाताच्या मुळाची कथा

मरोळच्या जुन्या गावठाणात ज्यांचे बालपण गेले, त्यांना आजी-आजोबांच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला आठवत असेल. त्या पेल्यात रात्रभर कवळी बुडवून ठेवलेली असे. केस पिकतात, दृष्टी मंदावते, तसे दातही वयोमानाने जायचेच, असे आम्हां मुलांना वाटे. पुढे कळू लागल्यावर ध्यानात आले की, त्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांचे दात चाळिशी-पन्नाशीतच गेले होते. आणि ते म्हातारपणाने गेले नव्हते, चिमट्याने गेले होते. दाढ दुखली की ती काढायची, हा एकच उपाय त्या पिढीला ठाऊक होता.

आज मरोळ नाक्यापासून चर्चच्या रस्त्यापर्यंत चालत गेले तर दंतवैद्यांच्या कितीतरी पाट्या दिसतात आणि बहुतेक पाट्यांवर 'रूट कॅनाल' हे शब्द असतात. शब्द घरोघरी पोहोचला आहे. मात्र त्याचा अर्थ पोहोचला आहे, असे म्हणवत नाही. कोणी त्याला 'नस मारणे' म्हणतो, कोणी नुसत्या नावानेच घाबरतो, तर कोणी 'ही पैसे काढण्याची नवी युक्ती' म्हणून सोडून देतो. वास्तविक ही युक्ती नवी नाही. तिच्यामागे शेकडो वर्षांची धडपड आहे आणि तीत वाट चुकल्याचाही एक मोठा अध्याय आहे. तो इतिहास समजला, तर हा उपचार केव्हा घ्यावा आणि केव्हा घेऊ नये, हेही समजते.

आरंभी आमच्या पाहण्यातील एक घटना सांगतो. गावठाणातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांची खालची दाढ उपवासकाळात ठणकू लागली. रात्र रात्र झोप नसे. लवंग झाली, मिठाच्या पाण्याच्या चुळा झाल्या, औषधाच्या दुकानातील गोळ्या झाल्या. आठ-दहा दिवसांनी ठणका आपोआप थांबला. घरच्यांनी देवाचे आभार मानले, दाढ विसरली गेली. पावसाळ्यात एके सकाळी ते उठले ते गाल आणि गळा सुजूनच. तोंड उघडेना, घोट गिळवेना, अंगात ताप. रुग्णालयात गळ्याबाहेरून छेद देऊन पू काढावा लागला, तेव्हा ते वाचले. डॉक्टरांनी विचारले, "दाढ कधी दुखत होती का?" घरचे म्हणाले, "दुखत होती, पण ती तर बरी झाली होती!"

दाढ बरी झाली नव्हती. ती मेली होती. या लेखाचा सारा प्रपंच एवढ्या एका वाक्यासाठी आहे.

किड्याचा शोध

आपण म्हणतो, 'दाताला कीड लागली.' हा केवळ वाक्प्रचार नव्हे. हजारो वर्षांची ती समजूत आहे. दातात खराखुरा किडा शिरतो आणि तो आतून कुरतडतो, असे प्राचीन बाबिलोनचे लोक मानीत. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत दातांचे जे रोग सांगितले आहेत, त्यांत एकाचे नाव 'कृमिदंतक' असेच आहे. इस्राएल देशातील नेगेव वाळवंटात सुमारे 2200 वर्षांपूर्वीची एक कवटी सापडली. तिच्यातील पुढच्या एका दाताच्या मुळाच्या पोकळीत अडीच मिलिमीटर लांबीची ब्राँझची तार बसवलेली होती. किड्याची वाट बंद करण्यासाठी ती बसवली असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. दाताच्या मुळात नळी असते आणि दुखण्याचे मूळ तेथे असू शकते, एवढे त्या अनामिक वैद्याने ओळखले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

दातदुखीने हैराण झालेल्या ख्रिस्ती माणसाला शतकानुशतके आणखी एक आधार होता, तो म्हणजे संत अपोलोनिया. इसवी सन 249 च्या सुमारास अलेक्झांड्रिया शहरात ख्रिस्ती लोकांवर जमाव चालून गेला. त्यात या वयस्क कुमारिकेच्या जबड्यावर प्रहार करून तिचे दात पाडण्यात आले. श्रद्धा सोडण्यास तिने नकार दिला आणि तिला अग्नीत मरण आले. तेथील बिशप डायोनिसियस यांनी हे वृत्त पत्रात लिहिले आणि इतिहासकार युसेबियस यांनी ते जतन केले. म्हणूनच चित्रांत तिच्या हाती चिमटा आणि त्यात दात दाखवतात, तर 9 फेब्रुवारीला तिचे स्मरण करतात. तिच्या चित्रातील चिमटा मुळात छळाची खूण आहे. परंतु दातदुखीवरचा एकमेव इलाजही पुढे कैक शतके तोच राहिला. जत्रेत, बाजारात, न्हाव्याच्या ओट्यावर माणसे दात उपटून घेत. बधिर करण्याची सोय नव्हती. आपल्या आजी-पणजींच्या मनातली दातवैद्याची धास्ती उगाच नव्हती.

1728 साली पॅरिसमध्ये पिअर फोशार या शल्यवैद्याने दंतवैद्यकावर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. किडलेले दात आपण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, पण त्यांत किडा दिसला नाही, असे त्याने स्पष्ट लिहिले. दातात पू झाला असेल तर दात न उपटता त्याला भोक पाडून पू बाहेर काढता येतो, हेही त्याने नोंदवले. दात काढण्याऐवजी दातातील रोग काढावा, या विचाराचा आरंभ येथे झाला.

घड्याळाची स्प्रिंग आणि समुद्रातील तार

पुढचा टप्पा सांगण्यापूर्वी थोडे मरोळकडे वळू या. सुवार्तिक संत योहान यांच्या नावाचे आपले पहिले चर्च 1579 साली येशूसंघीयांनी कोंडिविटे येथे बांधले. 1840 च्या सुमारास तेथे साथ आली, माणसे पटापट मरू लागली आणि लोकांनी चर्चसकट गाव सोडून मरोळचा आश्रय घेतला. जुन्या चर्चच्या भिंती आजही सीप्झच्या आवारात उभ्या आहेत. आपल्याला नेमके काय मारीत आहे, हे त्या लोकांना ठाऊक नव्हते. रोगजंतूंचे शास्त्र तेव्हा जगातच जन्मले नव्हते. दिसले ते एवढेच, की जागा वाईट आहे. तेव्हा जागा सोडावी.

दातांच्या बाबतीतही जगभर हेच चालले होते. रोग दिसत नसे, म्हणून रोगाची जागाच, म्हणजे दात, काढून टाकीत. मात्र त्याच काळात, 1838 साली, वॉशिंग्टनमधील एडवर्ड मेनार्ड या दंतवैद्याने घड्याळाची स्प्रिंग घासून एक बारीक हत्यार तयार केले. दाताच्या मुळातील नळीत ते सरकवून आतला सडलेला मगज बाहेर काढता येई. आजच्या दंतवैद्याच्या हातात ज्या केसासारख्या बारीक कानशी दिसतात, त्यांची ही आद्य जननी.

नळी साफ झाली, तरी ती भरायची कशाने, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर मलायाच्या जंगलातून आले. तेथील एका झाडाच्या चिकापासून गट्टापर्चा नावाचा पदार्थ मिळे. ऊब दिली की तो मऊ होई आणि थंड झाला की आकार धरून घट्ट राही. 1843 मध्ये त्याचे नमुने लंडनला पोहोचले. पाण्याचा त्यावर परिणाम होत नसल्यामुळे समुद्राखालील तारायंत्राच्या तारांवर त्याचे वेष्टण चढवू लागले. 1870 साली मुंबई ज्या सागरी तारेने एडन आणि सुएझमार्गे लंडनशी जोडली गेली, तिच्यावरही गट्टापर्चाचेच आवरण होते. 1867 मध्ये बोमन या अमेरिकन दंतवैद्याने याच पदार्थाच्या शंकूंनी दाताच्या नळ्या भरल्या आणि आजतागायत तोच पदार्थ त्या कामी वापरला जातो. समुद्राचे पाणी तारेत शिरू नये म्हणून जे वापरले, तेच तोंडातील लाळ आणि जंतू मुळात शिरू नयेत म्हणून उपयोगी पडले.

या शंकूंभोवती जो लेप लावतात, त्याचीही एक गोड हकीकत आहे. झिंक ऑक्साइडची भुकटी आणि लवंगेच्या तेलातील युजेनॉल हे द्रव्य मिळून तयार होणारा लेप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दंतवैद्यकात रुळला आणि आजही वापरात आहे. तेव्हा आजीची लवंग अगदीच भाबडी नव्हती. ती ठणका कमी करी, परंतु जेथे पोहोचायला हवे होते तेथे पोहोचत नसे, एवढेच.

उरलेल्या अडचणी एकेक करून दूर झाल्या. 1864 मध्ये बार्नम यांनी दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून काम करण्याची पद्धत काढली, त्यामुळे लाळ आत जाईना. 1884 मध्ये कोकेनचा बधिर करणारा गुण शस्त्रक्रियेसाठी उपयोगात आला. पुढे नोव्होकेन आणि 1940 नंतर लिडोकेन आल्यावर दात बधिर करणे निर्धोक झाले. 1890 साली विलोबी मिलर यांनी तोंडातील जंतूंवर ग्रंथ लिहून 'किड्या'चे खरे रूप दाखवले: साखर आणि पीठ यांवर जगणारे जंतू आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते. 1895 मध्ये क्ष-किरण सापडले आणि 1899 साली न्यू ऑर्लिअन्सच्या एडमंड केल्स यांनी त्यांच्या साहाय्याने मुळाच्या नळीची लांबी तपासली. सतत त्या किरणांत काम करून केल्स यांना पुढे आपला हात गमवावा लागला. आज आपण निर्धास्तपणे दाताचा एक्स-रे काढून घेतो, त्याची किंमत कोणीतरी आधी मोजलेली आहे.

वाट चुकली ती कोठे

इतके सारे हाताशी आले असताना विसाव्या शतकाच्या आरंभी उलटेच घडले. 1910 साली माँट्रिअल येथील मॅक्गिल विद्यापीठात लंडनचे डॉ. विल्यम हंटर यांनी एक व्याख्यान दिले. अस्वच्छ मुळांवर सोन्याच्या टोप्या चढवणाऱ्या दंतवैद्यांवर त्यांनी कडाडून टीका केली आणि तोंडातील पू हाच अनेक दुर्धर रोगांचे उगमस्थान असल्याचे प्रतिपादन केले. टीकेचा काही भाग रास्त होता, कारण त्या काळी अनेकांचे काम खरोखर गलिच्छ असे. परंतु त्यातून जी लाट उसळली तिने विवेक वाहून नेला. सांधे दुखतात? दात काढा. डोके दुखते? दात काढा. मगज मेलेला प्रत्येक दात म्हणजे विषाची कुपी, असे ठरले आणि चांगले टिकू शकणारे असंख्य दात उपटले गेले. पुढे रुग्णांची काळजीपूर्वक पाहणी झाली, तेव्हा दात काढूनही ते रोग बरे होत नाहीत, असे आढळले. लाट ओसरली. 1943 मध्ये अमेरिकेत या उपचाराला वाहून घेतलेल्या दंतवैद्यांची संघटना उभी राहिली.

अखेरचा निवाडा 1965 साली उंदरांनी दिला. काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उंदीर पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवले, काही नेहमीच्या. दोहोंच्या दाढांना भोक पाडून आतला मगज उघडा केला. नेहमीच्या उंदरांचा मगज सडला, मुळाशी पू झाला. जंतुविरहित उंदरांच्या दाढांत अन्न अडकले असतानाही मगज जिवंत राहिला आणि जखमेवर नवा कठीण थर चढला. दोष दाताचा नव्हे, जंतूंचा, हे सिद्ध झाले. जंतू काढले आणि पुन्हा शिरू दिले नाहीत, तर मगज नसलेला दातही वर्षानुवर्षे चावण्याचे काम करतो.

आपल्या देशात हे ज्ञान उशिरा झिरपले. 1920 मध्ये डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात दंतमहाविद्यालय काढले. मुंबईत 1933 साली नायर रुग्णालयाच्या जोडीने दंतमहाविद्यालय सुरू झाले. आज ते महापालिकेतर्फे चालते. 1948 च्या दंतवैद्यक कायद्यापर्यंत कोणीही खुर्ची मांडून दात काढू शकत असे. कायद्यानेही शिक्षण न घेतलेल्या, पण पाच वर्षे धंदा केलेल्या मंडळींसाठी नोंदवहीत वेगळा विभाग ठेवला, कारण त्यांच्यावाचून गाव चालणार नव्हते. आपल्या आजोबांच्या पेल्यातील कवळीचा उलगडा येथे होतो. दात वाचवण्याची विद्या जगात होती. ती साष्टीच्या शेतकऱ्याच्या दारापर्यंत आली नव्हती.

केव्हा करावे, केव्हा नको

आता मुद्द्याकडे येऊ. दाताचे वरचे कवच कठीण, त्याखाली पिवळसर थर आणि त्याच्या पोटात मगज. या मगजात रक्तवाहिन्या आणि संवेदना नेणारे तंतू असतात. यालाच आपण 'नस' म्हणतो. तेथून मुळांत बारीक नळ्या उतरतात. पुढच्या दाताला बहुधा एक, खालच्या दाढेला बहुधा तीन, वरच्या दाढेला तीन किंवा चारही.

कीड कवचात किंवा त्याखालच्या थरात असेल तर थंड पाण्याने कळ येते आणि क्षणात जाते. अशा दाताला रूट कॅनालची गरज नसते. कीड काढून दात भरला की काम होते. खर्चही थोडा, वेळही थोडा. याच पायरीवर जो जागा झाला तो शहाणा.

कळ गरम-थंडाने येऊन मिनिटे मिनिटे रेंगाळते, काही न खाता आपोआप येते, रात्री आडवे झाल्यावर वाढते, तेव्हा मगज सुजलेला असतो. कठीण भिंतींच्या आत सुजेला जागा नसते, म्हणून ठणका असह्य होतो. सहसा असा मगज पूर्वस्थितीवर येत नाही. मग एके दिवशी ठणका थांबतो. याचा अर्थ वेदना सांगणारा तंतूच मेला. जंतू मात्र जिवंत असतात आणि नळीच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. पुढे चावताना दात दुखतो, उंच झाल्यासारखा वाटतो, हिरडीवर पुळी येऊन पू झिरपतो. कधी यांतले काहीच न होता केवळ एक्स-रेमध्ये हाडात काळी छाया दिसते. लहानपणी मार लागलेला पुढचा दात वर्षांनी काळवंडतो, तोही याच जातीचा. या सर्वांना रूट कॅनाल लागतो.

येथे गोळ्यांनी भागत नाही आणि त्याचे कारण सोपे आहे. औषध रक्तातून जाते. मेलेल्या मगजात रक्तच पोहोचत नाही. प्रतिजैविकाने गालाची सूज उतरेल, पण दातातील कोठार तसेच राहील. दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून धरण्याचा उपाय तर हिरडी जाळतो.

उपचारात होते काय? इंजेक्शनने दात बधिर करतात. वरून भोक पाडून मगज काढतात, नळ्यांची लांबी मोजून बारीक कानशींनी त्या साफ करतात आणि जंतुनाशक द्रावणाने धुतात. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा ज्या सोडियम हायपोक्लोराइटने धूत, तेच हे द्रावण. मग गट्टापर्चा भरून वाट बंद करतात. काम एका बैठकीत होते किंवा दोन-तीन लागतात. ठणकणारी दाढ घेऊन गेलेला मनुष्य बहुधा हलका होऊन परततो. मात्र दाढेवर टोपी बसवणे टाळू नये. पोखरलेली दाढ टोपीवाचून एखाद्या सुपारीनेही दुभंगते आणि सारा खर्च वाया जातो.

प्रत्येक दात वाचवावाच असेही नाही. मूळ उभे चिरले असेल, हिरडीखाली दाताचा भागच उरला नसेल, हाड झिजून दात हलत असेल, तर तो काढणेच योग्य. अक्कलदाढेसाठीही पुष्कळदा एवढा खटाटोप करीत नाहीत. म्हणून एक्स-रे पाहून दंतवैद्याला तीन प्रश्न विचारावेत: नुसते भरून भागेल का, हा दात किती टिकेल आणि काढला तर त्याजागी काय बसवावे लागेल? प्रामाणिक दंतवैद्य या प्रश्नांनी रागावत नाही. खर्च झेपत नसेल तर दंतमहाविद्यालयांच्या रुग्णालयांत हाच उपचार बराच स्वस्तात होतो. तेथे वेळ मोडतो, पण दात राहतो.

एक गोष्ट मात्र कधीही उद्यावर टाकू नये. गालाची सूज जबड्याखाली उतरली, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर दवाखान्याची वेळ पाहत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे. जर्मन शल्यवैद्य लुडविग यांनी 1836 मध्ये या विकाराचे वर्णन केले, तेव्हा बहुतेक रुग्ण दगावत. आज तो बरा होतो, पण वेळेवर पोहोचणाऱ्याचाच. मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावे.

असो. कोंडिविट्याच्या आपल्या पूर्वजांनी गाव सोडले, कारण दुसरा मार्गच नव्हता. आजोबांनी दात काढले, त्यालाही कारण तेच. त्यांना कोणी हसू नये. पण आपल्यापुढे मार्ग आहे आणि तो चार पावलांवर आहे. घरात कोणाची दाढ ठणकत होती आणि आता थांबली असेल, तर ती बरी झाली असे समजून तिला विसरू नये. ज्या दिवशी ठणका थांबतो, त्याच दिवशी दाराबाहेर पडायचे असते.